उसने डोळे

१

"वन्सं, उठा! आधी उठा! गॅस!"

वहिनीची हाक कानावर आली तेव्हा आत्या अंथरुणात नुकती कुठे कूस बदलत होती. पाठोपाठ खिडक्या धडाधड उघडल्या, गार वारा अंगावर आला आणि वहिनीने तिला दंडाला धरून जवळजवळ ओढतच गॅलरीत नेऊन उभं केलं.

"रात्रभर चालू होता," वहिनी धापा टाकत म्हणाली. "बटण पूर्ण सोडलेलं. घर नुसतं भरलं होतं वासाने. झोपताना दूध गरम केलंत ना तुम्ही?"

केलं होतं. आणि बटण बंदही केलं होतं. बटण फिरून जागेवर बसल्याचं आत्याच्या बोटांना लख्ख आठवत होतं. पण बोटांची साक्ष मानतो कोण? त्यात दोन दिवस सर्दीने नाक चोंदलेलं, त्यामुळे वास आला की नाही हेही तिला छातीवर हात ठेवून सांगता येईना. तिने बेसिनपाशी जाऊन ऊन पाण्याचे हबके तोंडावर मारले. आणि तोंड न पुसताच ती पुन्हा गॅलरीत जाऊन उभी राहिली.

बरं, ही बाई घाबरट होती म्हणावं, तर तसंही नव्हे. सगळी इमारत तिला आत्या म्हणायची आणि जरा टरकूनच असायची. विमा कंपनीत आगीचे दावे तपासण्यात तिची हयात गेली होती. कुठे गोदाम जळालं, दुकान जळालं, की ही तिथे हजर. राखेत काठी फिरवायची आणि सांगायची, ही लागलेली नाही, लावलेली आहे. भल्याभल्या व्यापाऱ्यांची तिने बोबडी वळवली होती. लग्न केलं नाही, आईबापांच्या घरातच राहिली. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. मग भाऊ गेला. उरल्या घरात या दोघी, नणंद आणि भावजय. एक बघू शकत नाही, दुसरी तिच्यासाठी बघते.

महिन्याभरातलं हे तिसरं लचांड होतं. आधी नळ उघडा राहिला आणि खालच्यांच्या छतातून पाणी टपकलं. मग भरदुपारी बाहेरचं दार सताड उघडं सापडलं. दोन्ही वेळा घरात आत्या एकटी होती. आणि आता हे.

थोड्याच वेळात भाच्याचा फोन आला. आईने कळवलेलं दिसत होतं.

"आत्या, आता बास झालं. रविवारी मी एका डॉक्टरांना घेऊन येतो. चार प्रश्न विचारतील, तू उत्तरं दे, मग ठरवू."

"काय ठरवू?"

"अगं, तिकडे फार चांगली सोय असते हल्ली. चोवीस तास माणसं असतात."

तिकडे म्हणजे कुठे, ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. डोळे गेले ते गेले, पण डोकं शाबूत होतं, तेवढ्या भांडवलावर ती ताठ मानेने जगत होती. तेही गेलं असं रविवारी एकदा डॉक्टरने लिहून दिलं, की मग हे घर गेलं, तिचा शब्द गेला, तीच गेली. खरंच गेलं असेल का डोकं? वेड्याला आपण वेडे झालो हे कळतं थोडंच!

दुपारी वहिनी बाजारात निघाली. जाताना दारात घुटमळली.

"रागावू नका हं, वन्सं. पण तो म्हणाला, आता धोका नको."

बाहेरून कुलूप फिरलं. आत्या चाचपडत स्वयंपाकघराकडे गेली, तर त्या दारालाही कुलूप. तिने ते दोनदा ओढून पाहिलं, मग तिसऱ्यांदा ओढलं. स्वतःच्या घरात तिला कोंडून घातलं होतं.

२

वर्षभरापूर्वी वहिनीनेच तिच्या फोनमध्ये एक अॅप घालून दिलं होतं. 'उसने डोळे' त्याचं नाव. बटण दाबलं की जगात कुठेही बसलेला, आपली भाषा बोलणारा कुणीतरी माणूस फोन उचलतो, तुमच्या कॅमेऱ्यातून बघतो आणि समोर काय आहे ते सांगतो. फुकट. प्रत्येक वेळी वेगळा माणूस.

"म्हणजे प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला मला हाक मारायला नको," वहिनी तेव्हा म्हणाली होती.

"परक्या माणसाला घरात डोकावू देऊ?" आत्याने नाक मुरडलं होतं. "तू आहेस की."

आज मात्र गरजवंताला अक्कल सुचली. तिने फोनला सांगून अॅप उघडलं. दोनदा घंटी वाजली आणि एका पोरीचा चिवचिवाट ऐकू आला.

"बोला आजी! काय बघू?"

पोरगी वसतिगृहातून बोलत होती. तिच्या खिडकीबाहेर म्हणे बर्फ पडत होता. आत्याने फोन स्वयंपाकघराच्या दारासमोर धरला.

"दाराला वरती काच आहे, आजी. खाली नवी कोरी कडी आणि कुलूप. फोन जरा काचेला टेकवा. हां, आता दिसतंय. ओट्यावर शेगडी आहे, पण तिची बटणं काढून ठेवलीत, नुसते दांडे दिसतात. टेबलावर दोन कप पालथे. भिंतीवर वर एक पांढरी पेटी, तिच्या काचेत एवढीशी निळी ज्योत. खिडकीत कुंडी, पण रोपटं मेलंय. फ्रिजवर कुठलं तरी रंगीत पत्रक. वृद्ध लोकांचे फोटो आहेत त्यावर, सगळे हसतायत."

"कशाचं पत्रक?"

"राहण्याच्या सोयीचं असावं. नाव वाचता येत नाही इथून."

म्हणजे ठरवू बिरवू काही नाही, ठरलेलंच होतं.

"आजी," पोरगी एकदम म्हणाली, "एक विचारू? मघापासून मला वाटतंय, तुमचा आवाज मी ऐकलाय. एकदा नाही, खूपदा."

"माझा? कुठे?"

पण पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली, काहीतरी खडखडलं आणि फोन बंद पडला. आत्याने पुन्हा बटण दाबलं तेव्हा एका खोकणाऱ्या गृहस्थाने उचलला. त्याने तिचा आवाज जन्मात ऐकला नव्हता.

३

घाबरून बसण्यात अर्थ नव्हता. नोकरीत असताना आत्या नव्या तपासनिसांना एकच गोष्ट शिकवायची. आग कशी लागली ते नंतर बघा, आधी बघा, ती लागल्याने कुणाचं भलं झालं.

हे सगळं आपण केलेलं नाही, असं घटकाभर धरून चालू. मग कुणी केलं?

पहिला भाचा. त्याची बायको पोटुशी होती आणि त्याला आई घरी हवी होती. आत्या मधे होती तोवर आई मिळणं शक्य नव्हतं. दुसरी शेजारीण. तिचा मुलगा लग्नाचा झाला होता, आणि 'तुमचं घर विकायचं झालं तर आधी आमच्या कानावर घाला हं' हे पालुपद ती येताजाता ऐकवायची. तिसरी वहिनी. तिच्यापाशी आत्या थांबलीच नाही. त्या गरीब गाईवर संशय घ्यायचा तर स्वतःच्या सावलीवरही घ्यावा लागेल. शिवाय नळ आणि दार या दोन्ही वेळा ती बाहेर होती.

जिन्यात चपला वाजल्या. आत्याने आतून दार ठोठावलं.

"अगबाई! आत्या? दार उघडा की," शेजारीण म्हणाली.

"बाहेरून कुलूप आहे."

"कोंडून गेल्या तुम्हाला?" शेजारणीच्या आवाजात दया होती, आणि दयेच्या दुप्पट मजा. "बाई बाई बाई! पण त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. जिवाची भीती असते."

"मला सांगा, दार उघडं सापडलं त्या दुपारी तुम्ही काय पाहिलंत?"

"काय पाहणार? दार सताड उघडं. मी दोनदा हाक मारली, तर तुम्ही आत घोरत होतात."

"मी घोरत नाही."

"बरं, जोरात श्वास घेत होतात. मग मीच ओढून घेतलं दार. चोर शिरला असता म्हणजे?"

"आणि नळाच्या दिवशी?"

"त्या दिवशी पाणी होतंच कुठे! टाकी धुवायची म्हणून सकाळपासून बंद, ते आलं दुपारी. इमारतीच्या अॅपवर आदल्या दिवशीच कळवलं होतं. मी बादल्या भरून ठेवल्या. तुमच्या घरात नव्हतं ठाऊक?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"असं कसं? तुमच्या वहिनीने त्या निरोपाखाली अंगठा दाखवलेला मी स्वतः बघितला. तुमच्या भाच्यानेही. तो आहे ना आमच्या अॅपवर." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आत्या, विकायचा विचार झालाच तर…"

"तर तुम्हाला आधी सांगेन," आत्या म्हणाली आणि तिने दाराला पाठ टेकली.

कोरड्या नळाला आवाज नसतो. पाणी बंद असताना कुणी तो उघडून ठेवला तर आंधळीला पत्ता कसा लागणार? दुपारी पाणी येईपर्यंत ती आतल्या खोलीत झोपून गेली होती. म्हणजे नळ सकाळी उघडला गेला. आणि त्या सकाळी भाचा गाडी घेऊन आईला बाजारात न्यायला आला होता. दोघं बरोबर बाहेर पडले होते. काल संध्याकाळीही तो जेवायला होता, आणि आत्या झोपायला गेल्यावर मग निघाला होता.

तिने त्याला फोन लावला.

"काल जाण्यापूर्वी स्वयंपाकघरात गेला होतास?"

"पाणी प्यायला गेलो असेन. का?"

"फ्रिजवरचं ते पत्रक कुणी आणलं?"

पलीकडे त्याने घसा खाकरला.

"कुणी म्हणजे… मिळालं एका अॅपवर. सगळ्या संस्थांची तुलना करून देतात हल्ली. पाठवलं होतं कुणीतरी. आत्या, तुला कुणी सांगितलं पत्रकाचं?"

"मला दिसलं," आत्या म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

लहानपणी या पोराला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तो गॅस सोडून जाईल? स्वतःची आई आत झोपलेली असताना?

४

पण तपास म्हणजे तपास. भाचा आला की त्याची बॅग नेहमी आईच्या खोलीत टाकायचा. तिथे काही मागे राहिलंय का, हे बघायलाच हवं होतं. वहिनीच्या खोलीत न विचारता आत्या कधी गेली नव्हती. आज ती उंबऱ्यावर क्षणभर थबकली, आणि मग तिने बटण दाबलं.

या खेपेला फोन उचलला एका ट्रकवाल्याने. कुठल्याशा लांबच्या हमरस्त्यावर गाडी बाजूला लावून तो डबा खात होता. शेजारी त्याची बायको होती. ती जोडी मिळूनच गाडी चालवायची.

"बोला काकू. फोन हळूहळू फिरवा, मी सांगत जातो. पलंग. खिडकीजवळ खुर्ची. खुर्चीसमोर उंच दांड्यावर एक मोठा गोल दिवा आहे, आणि मधे फोन अडकवायचा चाप."

"दिवा? कसला दिवा?"

"व्हिडिओ काढणारे लोक लावतात तसला. आणि लोकर! काकू, काय लोकर आहे हो! सगळं कपाट भरलंय. पलंगाखाली बॅग आहे, उघडीच आहे. जाडजूड स्वेटर घड्या करून ठेवलेत."

"नवी बॅग?"

"नवीच दिसते. अजून किमतीची चिठ्ठी लोंबतेय." मग त्याने घास गिळल्याचं ऐकू आलं. "अगं ए, इकडे बघ. ती निळी भिंत, ती खुर्ची… ही तीच नाही का?"

बायकोने फोन हिसकावलाच असावा, कारण तिचा आवाज एकदम कानात शिरला.

"अय्या! विणकामवाल्या वहिनी! काकू, तुम्ही त्यांच्या घरात काय करताय? थांबा थांबा. जरा बोला बघू पुन्हा. 'वहिनी' म्हणा."

"वहिनी," आत्या म्हणाली. तिला काही उमजेना.

बाईने किंकाळीच फोडली. "अहो, आवाज! मागून येणारा आवाज तो हाच! काकू, तो आवाज म्हणजे तुम्ही!"

मग तिने तिच्या फोनवर एक व्हिडिओ लावला आणि ऐकवला. सुयांची टकटक. वहिनीचा आवाज, पण आत्याने कधी न ऐकलेला. मोकळा, खट्याळ, थोडा मिरवणारासुद्धा. 'आता इथे दोन टाके सोडायचे, घाबरायचं नाही, सोडले म्हणून काही उसवत नाही.' आणि मग लांबून, दुसऱ्या खोलीतून, कर्कश, 'वहिनी! अगं ए वहिनी! माझी चप्पल कुठेय?' सुया थांबल्या. 'आले हं, वन्सं.' "आता बराच वेळ नुसती रिकामी खुर्ची," बाईने सांगितलं.

"प्रत्येक व्हिडिओत असतं हे," बाई हसत हसत सांगत होती. "चेहरा कधी दाखवत नाहीत, नुसते हात. आणि रंगात आलं की मागून हाक. हात थांबतात. आम्ही पैजा लावतो, आज हाक कधी येणार. जगभरातले लोक बघतात हो, भाषा न कळणारेसुद्धा! 'वहिनी' एवढा एक शब्द सगळ्यांना येतो."

आत्या पलंगाच्या कडेवर बसली. तिचे कान तापले होते.

"जाणार आहेत का त्या शेवटी?" बाईने विचारलं.

"कुठे?"

"परदेशातल्या एका हस्तकलेच्या शाळेने शिकवायला बोलावलंय ना सहा महिने! दोनदा नाही म्हणाल्या. गेल्या व्हिडिओत म्हणाल्या, घरातून निघता येत नाही. आम्ही सगळ्यांनी लिहिलं, अहो, जा."

फोन बंद झाल्यावर आत्या कितीतरी वेळ तिथेच बसून राहिली. गरीब गाय! ही गाय जगभर फिरून आली होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

पण हेतू म्हणजे पुरावा नव्हे. हेतू भाच्यालाही होता, शेजारणीलाही. आत्याने सगळ्या जबान्या मनात पुन्हा पहिल्यापासून लावल्या. शेजारणीची. भाच्याची. मग त्या बर्फातल्या पोरीची, एकेक वस्तू सावकाश. कडी, कुलूप, शेगडी, कप, पांढरी पेटी…

आणि ती ताडकन उठून उभी राहिली.

५

वहिनी परत आली तेव्हा आत्या बैठकीच्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसली होती.

"चहा टाकू, वन्सं?"

"बस आधी. वहिनी, आपला स्वयंपाकघरातला तो गॅसचा गिझर कधी बसवला?"

"तुमचे डोळे गेल्यावर. का?"

"त्यात म्हणे एक ज्योत असते. कायम तेवणारी."

"असते की. ती विझली की पाणी गार येतं."

"शेवटची कधी विझली होती?"

"छे, कधीच नाही. गुणाचा आहे तो. एकदा पेटवला तो…"

वहिनी बोलता बोलता थांबली. हे असं थांबणं आत्याने शेकडो वेळा ऐकलं होतं. जळालेल्या दुकानाचे मालक असेच थांबायचे.

"काल रात्री मी कपही ऊन पाण्याने विसळला," आत्या म्हणाली. "आणि सकाळी तू मला उठवलंस तेव्हाही तोंड ऊन पाण्याने धुतलं. ज्योत रात्रभर जळत होती. पाइपातून येणारा गॅस हलका असतो, वहिनी, तो वर चढतो. बटण पूर्ण सोडलेलं, खिडक्या बंद, घर गॅसने भरलेलं, आणि वर भिंतीवर ज्योत. आज आपण दोघी इथे बोलत बसलो नसतो. शेजारीणही उरली नसती, तेवढाच काय तो फायदा."

आत्या पुढे सरकून बसली.

"भाच्याने सोडला असता तरी तेच झालं असतं. कुणीही सोडला असता तरी. म्हणजे गॅस सुटलाच नव्हता. आणि तो सुटला होता असं सांगणारं माणूस घरात एकच आहे. नळ तू कोरडा असताना उघडलास. दार तू जातानाच उघडं टाकलंस. तोवर ठीक चाललं होतं तुझं. जगातलं दुसरं कुठलंही खोटं बोलली असतीस तर मी फसले असते. पण आगीचं? माझ्यापुढे?"

हातातली पिशवी खाली टेकल्याचा आवाज आला.

"सोडणार होते," वहिनी अगदी हळू म्हणाली. "नुसता पहाटे, घटकाभर. बटणाला हात लावून उभी होते. पण तुम्ही आत झोपलेल्या. नाही झालं माझ्याच्याने. मग खिडक्या उघडल्या आणि ओरडले." तिने नाक ओढलं. "दार उघडं टाकलं त्या दिवशी पण मी बाजारात नव्हते गेले. वरच्या जिन्यात बसून होते. कुणी परका आत शिरू नये म्हणून."

आत्याचा संताप इतका वेळ दबून होता, तो आता उसळला.

"वा! राखण करत होतीस! मला वेडी ठरवायला निघाली होतीस, वहिनी! महिनाभर मी रोज स्वतःच्या डोक्याला चाचपून बघतेय, ठिकाणावर आहे की नाही. माझ्याकडे दुसरं उरलं होतं काय? सरळ सांगता येत नव्हतं, मला जायचंय म्हणून?"

"नव्हतं येत!" वहिनीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "कुणाला सांगायचं? आधी सासूबाई अंथरुणावर, मग हे, मग तुम्ही. वाईट कुणीच नव्हतं हो. कुणी वाईट असतं तर भांडून गेले असते. मी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, खुशाल जा. आणि ते ऐकल्यावर माझा पाय निघाला नसता. आंधळ्या नणंदेला टाकून गेली! मला वाटलं, तुमचीच कुठे चांगली सोय झाली तर मला काही बोलावंच लागणार नाही."

"म्हणजे तुला तोंड उघडायला नको म्हणून मला कोंडायचं!"

"तुम्ही आज एक दुपार कोंडलेल्या होतात, वन्सं," वहिनी म्हणाली, आणि मग आपणच घाबरून आत निघून गेली.

६

रविवारपर्यंत दोघी कामापुरतं बोलल्या. कुलूप मात्र पुन्हा लागलं नाही. आत्याने 'उसने डोळे'वरच्या कुणा परोपकारी माणसाकडून वहिनीचे व्हिडिओ फोनवर लावून घेतले आणि कानात इयरफोनची बोंडं घालून एकामागून एक ऐकले. एकाही व्हिडिओत वहिनीचं वाक्य धड पुरं झालं नव्हतं. चप्पल, पाणी, पंखा, 'बाहेर कोण आलंय गं'. आत्याला प्रत्येक वेळी वाटे, या बाईने आता तरी गप्प बसावं. आणि ती बाई काही गप्प बसत नसे.

रविवारी डॉक्टर आले. मृदू आवाजाचे, तरुण. वार विचारला, वर्ष विचारलं, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. आत्याने आकडा खाली नेत नेत दोनावर आणून सोडला आणि विचारलं, आता तुमची पाळी घ्यायची का? डॉक्टर हसले.

"यांच्या डोक्याला काही झालेलं मला तरी दिसत नाही," ते म्हणाले.

"मग गॅसचं काय?" भाचा म्हणाला.

"गॅस सुटलाच नव्हता," आत्या म्हणाली, आणि तिने त्या ज्योतीचं गणित मोजक्या शब्दांत मांडलं. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, घर उडालं असतं.

"पण मग आई का म्हणाली तसं?"

वहिनीच्या हातातली बशी किणकिणली. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. 'तुझी आई खोटं बोलली.' आत्या जिंकली असती. घर तिचं, शब्द तिचा, आणि वहिनी शरमेने जन्मभर तिच्या हाकेला ओ देत राहिली असती. तेवढ्यासाठी तरी ते वाक्य फार गोड होतं.

"तुझी आई दमलीय," आत्या म्हणाली. "दमलेल्या माणसाला नसलेले वास येतात. डॉक्टर, आलाच आहात तर हिला तपासा. आणि औषध मी सांगते. सहा महिने हवापालट. माझ्यापासून लांब."

"मी तेच तर म्हणतोय!" भाचा खूश झाला. "आई, तू आमच्याकडे…"

"तुझ्याकडे नाही. तुझ्याकडे आली तर खोली बदलेल, काम तेच राहील. तू गप्प बस आणि तिला विचार. मी कुणाला ढकलत नाही आणि धरूनही ठेवत नाही. तिचं तिने सांगायचं."

"आई?" भाचा गोंधळून म्हणाला. "तुला कुठे जायचंय?"

वहिनी काही बोलेना. खरं सांगायचं तर त्या घडीला आत्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात नुसता धावा चालला होता. नको म्हणू दे. 'मी इथेच बरी' म्हणू दे. उद्या सकाळी हाक मारली आणि कुणी ओ दिली नाही तर या घरात मी करू काय? परकी माणसं बघून सांगतील खूप, पण दुखलंखुपलं तर कपाळावर हात कोण ठेवणार? भीतीने तिची बोटं खुर्चीच्या हाताला घट्ट आवळली गेली. पण ती एक अक्षर बोलली नाही. असं गप्प बसणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

आणि त्या शांततेत मधे कुणीच हाक मारत नाही असं बघून वहिनीने बशी खाली ठेवली.

"एक शाळा आहे," ती म्हणाली. "समुद्रापलीकडे. ते लोक माझी वाट बघतायत. मी जाणार आहे."

वाक्य पुरं झालं होतं.